‘तिला वाईट वाटलं’ हे दाखवायचं कसं?

मी टीव्ही मालिकांसाठी लिहिते हे एकदा कळलं की बायका मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘अहो, त्या बिचाऱ्या सुनेला एवढं का छळता?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून, ‘मलासुद्धा लिहायचंय हो. कुठे ओळख आहे का तुमची?’

पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्यावर तसं करवत नाही. कारण विचारणारीच्या पर्समध्ये बहुतेक वेळा एक वही असते. लग्नाच्या हॉलमध्ये, भिशीत, सोसायटीच्या हळदीकुंकवात, लेडीज डब्यात... कुठेही ती वही निघते. कविता असतात, दोन-तीन कथा असतात, एखादीत अर्धवट कादंबरी. मी चाळते. बरंच काही चांगलं असतं, हे मनापासून सांगते. पण डोंबिवली ते ठाणे या प्रवासात, तेही चौथ्या सीटवर टेकून, मालिका-सिनेमाचं लेखन कसं सुरू करायचं हे सांगून होत नाही. मुंब्रा येईपर्यंत प्रस्तावनाच चाललेली असते. म्हणून आज इथे सविस्तर सांगते.

माझी सुरुवात सांगलीची. कॉलेजच्या नियतकालिकात एक कथा आली आणि मला वाटलं, झालं, आपण लेखिका! मग दिवाळी अंकांना कथा पाठवायचा सपाटा. तेव्हा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट सोबत जोडावं लागे, आणि ते पाकीट इमानेइतबारे परत येई. पोस्टमनकाकांना माझं अक्षर पाठ झालं होतं. चार-पाच वर्षांत सहा कथा छापून आल्या. आमच्या गल्लीपुरतं नाव झालं.

पण पुढे जे काम मिळालं, त्याचा पाया मात्र त्या कथांनी नाही घातला. तो घातला आकाशवाणीने. सांगली केंद्रावर महिलांच्या कार्यक्रमासाठी मी श्रुतिका लिहीत असे. तिथल्या निर्मात्या बाई फार मोजकं बोलायच्या. एकदा म्हणाल्या, ‘दार वाजलं की कोण आलंय हे पुढच्या दोन वाक्यांत कळलं पाहिजे. ऐकणारी भाकऱ्या थापतेय. ती हात धुऊन तुझ्यासाठी बसणार नाहीये.’ श्रुतिकेत ‘तिने खिडकीबाहेर पाहिलं’ असं लिहून चालत नाही. कुणाला दिसणार? मग बाहेरून बसचा हॉर्न यायला हवा, आणि आतून कुणीतरी म्हणायला हवं, ‘गेली वाटतं शेवटची गाडी.’ माणसं बोलतात तेव्हा अर्धं सांगतात आणि अर्धं गिळतात, हे मी तिथे कानाने शिकले. आजही मुली विचारतात की कुठला कोर्स करू, तेव्हा मी आधी म्हणते, एक दिवस घरातल्यांचं बोलणं नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस. (दुसरी अट पाळणं जास्त कठीण!)

१९९६ साली लग्न होऊन डोंबिवलीत आले. मुलगी झाली, घरी शिकवण्या सुरू केल्या, लिहिणं वहीत राहिलं. त्याच सुमाराला मराठी टीव्हीचं चित्र बदलत होतं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ पासून होतंच, पण १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं (त्याचंच पुढे झी मराठी झालं) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी. रोज संध्याकाळी एकामागून एक मालिका. इतक्या मालिका म्हणजे रोज इतकी पानं लिहिणारं कुणीतरी हवं, हा साधा हिशोब तेव्हा आमच्यासारख्या घरी बसून लिहिणाऱ्या बायकांच्या डोक्यात आला नव्हता. आम्हाला वाटायचं, ते काम मोठमोठ्या लेखकांचं.

मला हे दार सापडलं ते हौशी नाटकातून. आमच्या इथल्या एका संस्थेसाठी मी राज्य नाट्य स्पर्धेची एक संहिता नीट करून देत होते. तिथे प्रकाशयोजना करणारा मुलगा एका मालिकेत सहायक दिग्दर्शक होता. त्याने मला तिथल्या संवादलेखकांकडे नेलं. २००६ सालची गोष्ट. म्हणजे ‘ओळख’ होती म्हणायची. पण त्या ओळखीने मला मिळाला एक कप चहा आणि एक कोरा कागद. त्यावर त्यांनी एक वाक्य लिहून दिलं : ‘नवरा वाढदिवस विसरला म्हणून तिला वाईट वाटलं.’ म्हणाले, ‘याचा सीन करा. पण वाईट वाटलं हे कुणी बोलायचं नाही आणि रडायचंही नाही. कॅमेऱ्याला मन दिसत नाही.’

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. रात्रीची वेळ. तो जेवतोय, ती वाढतेय. ताटात श्रीखंड-पुरी. तो पुरी मोडत विचारतो, ‘आज काय विशेष?’ ती म्हणते, ‘काही नाही. दही उरलं होतं.’ तो मोबाइल बघत जेवून उठतो. तिने स्वतःसाठी वाढून घेतलेली श्रीखंडाची वाटी ती झाकते आणि फ्रिजमध्ये ठेवते. संपला सीन.

त्यांनी वाचलं. काही बोलले नाहीत. मग एकच प्रश्न विचारला, ‘फ्रिज उघडताना बाकी खोलीत अंधार ठेवू या का?’ तेव्हा मला कळलं की काम मिळालं.

हे मी कौतुक करून घेण्यासाठी सांगत नाही. कथा लिहिणारीला पटकथेकडे जायचं असेल तर रस्ता नेमका कुठे वळतो, ते या एका वाक्यात आहे. कथेत आपण सरळ लिहितो की ती अस्वस्थ झाली, तिला माहेर आठवलं, तिच्या मनात कालवाकालव झाली. वाचकाला ते पोचतं. पडद्यावर त्यातलं काहीही लिहिता येत नाही. तिथे फक्त दिसेल ते आणि ऐकू येईल ते. आपल्या वहीतली एक कथा घ्या आणि मनातलं सगळं पेन्सिलीने खोडा. उरेल ते किती आहे बघा. कधी कधी अर्धं पानसुद्धा उरत नाही. मग एकेका खोडलेल्या वाक्यासाठी एखादी वस्तू शोधा, कृती शोधा, चुकीच्या वेळी आलेला फोन शोधा. ही माझी आवडती कसरत आहे. एखाद्या कथेला महिना लागतो.

आता मालिकेचं काम चालतं कसं, ते सांगते. टायटलमध्ये तीन वेगळी नावं दिसतात : कथा, पटकथा, संवाद. अनेकींना वाटतं हे एकच. कथा म्हणजे काय घडतं याचा मोठा आराखडा, पुढच्या दोन-तीन महिन्यांचा ‘ट्रॅक’. पटकथा म्हणजे त्यातलं आजच्या भागात किती घडणार, कुठल्या क्रमाने, कुठल्या खोलीत, कोणाकोणासमोर, आणि ब्रेकच्या आधी नेमकं कुठे थांबायचं. आणि संवाद म्हणजे ती माणसं प्रत्यक्ष काय बोलणार. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा करता वीस-बावीस मिनिटंच आपल्या हातात असतात. त्यात सहा-सात सीन. आधी ‘वनलाइन’ तयार होते, म्हणजे प्रत्येक सीन दोन-चार ओळींत. ती चॅनेलकडे जाते, तिथून शेरे येतात, बदल होतात, आणि मग संवाद लिहायला मिळतात. बहुतेक वेळा ‘उद्या सकाळी सातला सेटवर हवेत’ या निरोपासह.

कागदावरचं सगळं सेटवर नसतं, हे फार लवकर कळतं. दिवाणखाना आहे, स्वयंपाकघर आहे, दोन बेडरूम आणि अंगण. ‘त्या दोघी बाजारात भेटतात’ असं सहज लिहून गेलात, तर रात्री फोन येणार. बाजार म्हणजे बाहेर जाणं, परवानगी, गर्दी, अर्धा दिवस. मग त्या दोघी अंगणातच भेटतात, भाजीची पिशवी हातात घेऊन. कलाकारांच्या तारखा हे दुसरं प्रकरण. एकदा रात्री साडेदहाला कळलं, आजीचं काम करणाऱ्या बाईंना ताप भरलाय, उद्या येणार नाहीत. आणि उद्याच्या भागात आजी नातवाला घरातलं मोठं गुपित सांगणार होती! ते गुपित दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. घरात सगळे झोपलेले, मी ओट्यापाशी उभी. शेवटी आजीला पाठवलं देवळात कीर्तनाला आणि नातवाला तिच्या ट्रंकेत घोंगडी शोधायला लावलं. घोंगडीच्या घडीत सापडली सोनं गहाण ठेवल्याची जुनी पावती, आजीच्या अंगठ्यासकट. आजीचं अडीच पानी भाषण गेलं आणि एक पावती आली. तो सीन लोकांनी लक्षात ठेवला. भाषण कुणी ठेवलं असतं का, शंकाच आहे.

दर गुरुवारी टीआरपी येतो. बारावीचा निकाल बरा, वर्षातून एकदाच असतो. आकडा खाली आला की कथा वळते, एखादं पात्र परदेशी जातं, एखादं परत येतं. या सगळ्यात ‘माझी कलाकृती’ वगैरे शब्द जवळ बाळगणाऱ्या माणसाने मालिकेच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि सुनेच्या छळाबद्दल म्हणाल तर, हो, आम्ही भांडतो. दहा वेळा भांडून दोनदा जिंकतो. एका मालिकेत नायिकेचं स्वतःच्या नावाचं बँक पासबुक मी शेवटपर्यंत तिच्या पर्समध्ये ठेवू शकले. कथेत कुणीही ते काढून घ्यायला निघालं की मी सेटवर फोन करायचे. एवढाच विजय. पण एका बाईंनी मला स्टेशनवर थांबवून सांगितलं की त्यांनीही खातं उघडलं.

लिहायची वेळ पहाटे चार ते साडेसहा. नंतर घर जागं होतं. दुपारी शिकवण्या, रात्री बदल. टेबल नव्हतंच, देवघराशेजारच्या पाटावर लॅपटॉप. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्या रागावल्या की आवाज चढवत नाहीत, पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवतात. आणि खूश असल्या की समोरच्याला नावं ठेवतात. ‘एवढं काय मेलं ते’ असं म्हणून त्या जे सांगतात, तेच खरं महत्त्वाचं असतं. मी त्यांची किती वाक्यं उचलली याला गणती नाही. मालिका बघताना त्या बरोबर ओळखायच्या. ‘हे माझं आहे. पैसे काढ,’ म्हणायच्या, आणि खरोखरच महिन्याला शंभर रुपये घ्यायच्या. घरातून मिळालेलं हे भांडवल फुकटचं समजू नका.

या भाषेच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चांगली गोष्ट घडलीय. एके काळी मालिकेतली सगळी माणसं पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातलं बोलायची. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडचं बोलू लागली, ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणातलं. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे गेली. त्यामुळे जिला आपल्या गावची बोली तोंडपाठ आहे, कुठल्या घरात ‘आलीस का’ म्हणतात आणि कुठल्या घरात ‘आलीयास व्हय’ हे माहीत आहे, तिच्याकडे मुंबईतल्या लेखकाकडे नसलेली गोष्ट आहे. ती लपवू नका. अनेक जणी नमुन्याचा सीन पाठवताना मुद्दाम पुस्तकी मराठी लिहितात, आणि नेमकी आपली जमेची बाजू खोडून टाकतात.

आता नावाचं आणि पैशांचं. आपल्याकडे बायकांना हा विषय काढायला संकोच वाटतो. मलाही वाटायचा.

पहिल्या मालिकेवर मी संवादलेखकांची सहायक होते. त्यांच्याकडे एकाच वेळी तीन मालिका. सुरुवातीला मी लिहायचे, ते दुरुस्त करायचे, आणि त्या लाल खुणांमधून मी जे शिकले त्याला तोड नाही. हळूहळू खुणा कमी झाल्या. मग माझी पानं जशीच्या तशी सेटवर जाऊ लागली. टायटलमध्ये नाव अर्थातच त्यांचं. या धंद्यात हे सर्रास चालतं, आणि शिकण्यापुरतं चालवून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त किती दिवस, हे आपण ठरवायचं. मी मनाशी पन्नास भाग ठरवले होते, घरच्या कॅलेंडरवर आकडे टाकत होते. पन्नास झाल्यावर निर्मितीसंस्थेला पत्र लिहिलं की संवादाच्या पाटीवर माझंही नाव यावं. उत्तर आलं, ‘टायटल आता बदलता येत नाही. पुढच्या मालिकेत बघू.’ मी विचारलं, हे लिहून द्याल का? दिलं नाही.

तो काळ आमच्या घरात वाईट होता. यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडून तीन महिने झाले होते. फ्लॅटचा हप्ता माझ्या पैशांतून जात होता. हे म्हणाले, ‘नावाने हप्ता भरता येतो का?’ त्यांचं चूक नव्हतं. आई फोनवर म्हणाली, ‘मिळतंय ते सोडू नकोस.’ एकट्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर एक डबी ठेवली. त्यांच्या पाटल्या. ‘चार महिने निघतील. नंतर सोडवून आण,’ एवढंच.

मी ते काम थांबवलं. शिकवण्यांची आणखी एक बॅच घेतली. अकरा भागांचे पैसे अडकले होते, ते आठ महिन्यांनी आले, तेही नऊ भागांचेच. दोन भागांचे आजतागायत यायचेत. पुढच्या मालिकेला मात्र मी पहिलं पान लिहायच्या आधी करार मागितला आणि त्यात नाव कुठे, कसं येणार हे वाचून मगच सही केली. पाटल्या सहाव्या महिन्यात सोडवल्या. नाव टीव्हीवर आलं त्या दिवशी सांगलीहून आईचा फोन, ‘अगं, केवढ्या जोरात पळवतात! मला आडनावच दिसलं.’ आता ओटीटीवर तर टायटल वगळायचं बटणच असतं. असो.

या अनुभवातून जमवलेली माहिती देते, ती एका जागी मिळत नाही. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. तिचं सभासदत्व घेऊन आपलं लेखन नोंदवता येतं, आता ऑनलाइनही. कुणालाही गोष्ट ऐकवायच्या आधी नोंदवा. पण नोंदणी म्हणजे काय, तेही समजून घ्या. तो आपण अमुक तारखेला हे लिहिलं होतं याचा पुरावा असतो. नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हे स्पष्ट केलंय. आर. जी. आनंद या नाटककाराचा दावा होता की ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा सिनेमा त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून घेतला. विषय सारखा होता, पण मांडणी वेगळी, म्हणून ते हरले. तेव्हा ‘माझ्याकडे एक भन्नाट आयडिया आहे’ यापेक्षा लिहून काढलेली वीस पानं महत्त्वाची. आयडिया कुणाच्याही होऊ शकतात, पानं आपलीच असतात.

दुसरं, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी फार जोर लावला होता. चित्रपटासाठी लिहिणारे लेखक, गीतकार आणि संगीतकार यांना, थिएटरमधल्या खेळांखेरीज इतरत्र जो वापर होतो त्याच्या मानधनातला वाटा मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि हा हक्क कराराने सोडून देता येत नाही. पैसे प्रत्यक्ष हातात पडेपर्यंतची वाट लांबची आहे, ते वेगळं. तरी ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असं कलम समोर आलं की निदान प्रश्न विचारण्याइतकं आपल्याला माहीत असावं. मालिकेचे पैसे भागामागे ठरतात आणि साधारण प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी येतात. टीडीएस कापला जातो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. हे ऐकून एक मैत्रीण म्हणाली, ‘लेखिका व्हायचं की अकाउंटंट?’ दोन्ही, बाई.

सिनेमाची वाट निराळी. तिथे रोजचा दट्ट्या नाही, पण एकेका पटकथेला दोन-तीन वर्षं सहज जातात आणि शेवटी सिनेमा होईलच असं नाही. मी स्वतः दोन पटकथा लिहिल्या आहेत, एक कपाटात आहे आणि एकीवर चर्चा चाललीय. त्यामुळे इथे माझ्यापेक्षा इतरांची उदाहरणं बरी.

‘श्वास’ आठवतो ना? २००४ साली आला, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीत सुवर्णकमळ घेऊन. त्याचं मूळ आहे माधवी घारपुरे यांची कथा, दिवाळी अंकात आलेली. पटकथा आणि दिग्दर्शन संदीप सावंत यांचं. परशुरामची दृष्टी शस्त्रक्रियेने जाणार, हे आजोबांना कळलंय. आता ते दुःख बोलून किती दाखवणार? आजोबा नातवाला गुपचूप हॉस्पिटलमधून बाहेर काढतात आणि शहर दाखवायला नेतात, जाण्याआधी डोळे भरून बघून घे म्हणून. वेदना कृतीत कशी उतरते, हे शिकायला याहून चांगला धडा नाही. सुमित्रा भावे यांनी समाजकार्य शिकवलं, झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन केलं, आणि ‘बाई’ हा पहिला लघुपट १९८५ मध्ये केला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढे ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’पासून ‘कासव’पर्यंत त्या स्वतःच लिहीत राहिल्या. ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हे साल मुद्दाम सांगते. सई परांजपे यांची सुरुवातही पुण्याच्या आकाशवाणीवरची. ‘स्पर्श’च्या पटकथेला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधुगंधा कुलकर्णी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त गोष्ट केवढी, तर घरची सायकल विकायला लागू नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत दोन मुलांनी मांडलेलं दुकान. इरावती कर्णिक यांनी ‘झिम्मा’मध्ये वेगवेगळ्या वयाच्या सात बायका एका सहलीला पाठवल्या. या कुणीही आपल्याला माहीत नसलेलं जग उसनं आणलेलं नाही.

दुसऱ्याच्या कादंबरीवर किंवा कथेवर लिहायचं मनात असेल तर आधी परवानगी, तीही लेखी. विजय तेंडुलकरांनी ‘सिंहासन’ची पटकथा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून लिहिली. दोन्ही पुस्तकं वाचा, मग सिनेमा बघा, आणि काय गाळलंय त्याची यादी करा. माझ्या मते गाळलेल्याची यादीच जास्त शिकवते. शिकायचंच असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचे अभ्यासक्रम आहेत, २०१७ पासून त्यांनी देशभर छोट्या मुदतीचे वर्गही सुरू केले. मात्र ‘कोर्स संपताच मालिकेत हमखास ब्रेक’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लासपासून दोन हात दूर राहा. असा हमखास ब्रेक देणारा माणूस मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. आणि कुणाला भेटायला गेलात तर दीडशे पानांची फाइल नेऊ नका. एका पानात गोष्ट, सोबत चांगले जमलेले दोन-तीन सीन. वाचणारा माणूस सेटवर उभा राहून वाचणार आहे.

गेल्या महिन्यात कल्याणच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त. दोन पानांचा सीन आणला होता, रात्रपाळीच्या वॉर्डचा. मी वाचत असताना त्या पंख्याकडे बघत होत्या. सीन चांगला होता. एका ठिकाणी मात्र एक नर्स दुसऱ्या नर्सला समजावून सांगते की सलाइन संपत आलं की काय करायचं. मी विचारलं, ‘तुम्ही ड्युटीवर असताना एकमेकींना हे सांगायचात?’

‘छे हो! नुसतं बाटलीकडे बघायचो. ती उठायची,’ त्या म्हणाल्या, आणि एकदम गप्प झाल्या. मग पर्समधून पेन काढलं, ती चार वाक्यं खोडली, वर दोन शब्द लिहिले आणि कागद घडी करून ठेवला. मी चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी येते, वॉर्डबॉयचा सीनही लिहून आणते, असं सांगून त्या सव्वासहाची कल्याण लोकल पकडायला गेल्या.